आधी पिवळं पडलं, मग ती बोलली

रासीवेनचा हातगुण चांगला, असं आमच्या वानासिग्रा गावात सगळेच म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे स्वतः रासीवेन असे. "दुसऱ्यांचं बोंक्रेक नुसतं पोटात जातं, माझं अंगी लागतं," असं ती बाजारात टोपलीमागे बसून खुशाल ठोकून द्यायची. लोक हसायचे आणि विकत घ्यायचे. नवरा तरुणपणीच माडावरून पडून गेला. तेव्हापासून तिने याच टोपलीवर पोराला वाढवलं, छपरावर कौलं घातली, पोराचं लग्न लावलं. तेव्हा थोडी फुशारकी तिला शोभायची.

बोंक्रेक म्हणजे खोबऱ्याच्या पेंडीची वडी. तेल काढून झाल्यावर उरणारी पेंड दुसऱ्या मुलखात गुरांना घालतात. आमच्याकडे गुरं थोडी आणि खाणारी तोंडं फार. पेंड भिजवायची, वाफवायची, गार झाली की तिला आधीच्या खेपेचं विरजण लावायचं आणि केळीच्या पानात बांधून दोन दिवस दडपून ठेवायची. बुरशी चढली की पांढरीशुभ्र घट्ट वडी होते. मीठमिरची लावून तळली की ताटभर भात कधी संपला ते कळत नाही. सोयाबीनची अशीच वडी, म्हणजे टेंपे, ज्यांना परवडतं ते ते खातात. ज्यांना नाही परवडत, त्यांचं मांस, मच्छी आणि डाळ म्हणजे हेच.

आणि ते अधूनमधून माणसं मारतं. हे काही आम्हाला कोणी शहरातून येऊन सांगायला नको होतं. सेरायू नदीच्या काठाने कुठल्याही वाडीत विचारा, कोणाचा चुलता, कोणाची नणंद, कोणाचं घरच्या घर एका दिवसात गेलेलं असतं. सरकारने बंदी घातली तेव्हा आम्ही काय केलं? टोपलीवर पाला झाकायला लागलो. झाला बंदोबस्त! का मारतं, याचं उत्तरही आमच्याकडे तयार होतं. बोंक्रेक मुरत असताना घरात भांडण झालं, पाळीतली बाई जवळून गेली, कोणी अभद्र शब्द काढला, की ते रुसतं. रुसलेलं बोंक्रेक जीव घेतं. म्हणून ते दोन दिवस रासीवेनच्या घरात सगळे कुजबुजत बोलायचे, आणि ती स्वतः सोमवार-गुरुवारचे रोजे धरायची. तिची आई पेंडीत आंबुशीचा पाला कुटून घालायची. रासीवेनने ते केव्हाच सोडलं होतं. गिऱ्हाइकं आंबट लागतं म्हणून नाकं मुरडायची, आणि हातगुण असताना पाल्याची गरज काय?

तिच्या मुलाचं नाव तारसून. माडावर चढून नीरा उतरवायची आणि तिचा गूळ कढवायचा, हा त्याचा धंदा. त्याची बायको वारती नदीपलीकडची, तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. दोन वर्षांची मुलगी होती, तिनी. सासू-सुनेचं बरं चाललं होतं म्हणजे दोघी एकमेकींना टोमणे मारूनच बोलायच्या.

तिनीला तोलायला वारती दर महिन्याला फणसाखालच्या दवाखान्यात जायची. आरोग्य केंद्रातला हर्जोनो, मानाने म्हणायचं म्हणून पाक हर्जोनो, तिथे मोटारसायकलवरून यायचा. एकदा तो कर्णा आणि एक मोठं चित्र घेऊन आला. चित्रात फुगलेल्या आळ्यांसारखं काहीतरी काढलेलं.

"हे बोंक्रेकमधले जंतू," तो कर्ण्यातून म्हणाला. "यांच्यापासून विष होतं."

"पाक, एवढाली आळी मला पानात दिसली नाही, तर माझे डोळे काढून कोंबडीला घाला!" म्हातारा साम्यार्जा ओरडला.

"अहो काका, हे मोठं करून काढलंय. सुईच्या टोकावर असले हजारो बसतील."

"मग बसू द्या की. तेवढंच पोट भरेल!"

बायका पदर तोंडावर धरून हसल्या. हर्जोनोही कसनुसा हसला, आणि पुढे बोलत राहिला. वडीवर पिवळा रंग दिसला तर ती टाकून द्या. तळलं, उकडलं, चार वेळा धुतलं, तरी ते विष जात नाही. करायचंच असेल तर आंबट पाला घाला, त्या जंतूला आंबट सोसत नाही. पण खरं सांगू का, करूच नका, खाऊच नका. यातलं शेवटचं वाक्य ऐकून अर्ध्या बायका उठून गेल्या. करूच नका म्हणे! याच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतो, ह्याचं काय जातं?

वारती मात्र शेवटपर्यंत बसली. घरी येऊन तिने सासूला सगळं सांगितलं.

"आंबुशी?" रासीवेन म्हणाली. "माझी आई घालायची. ती गेली, तिची आंबुशी गेली. आता कर्णेवाल्याकडून शिकू होय मी?"

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि गावातले कणगे खडखडीत झाले. शेजारच्या दार्केमच्या शेतात भाताची लावणी निघाली. दार्केम आणि तिचा नवरा कार्सो यांनी गावातली माणसं बोलावली. मजुरी द्यायला जवळ काही नव्हतं, पण दुपारचं जेवण पोटभर द्यायचा शब्द दिला होता. भात कसाबसा जमला. तोंडी लावणं रासीवेनचं ठरलं. इतकी मोठी खेप तिने कधी घातली नव्हती. घरची पेंड पुरेना म्हणून तिने बाजारातून आणखी आणली. थोडी जुनाट वास येणारी होती, पण वाफवली की जाईल म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिने पानं उघडली. वरच्या थरातल्या वड्या बऱ्या होत्या. खालच्या थरात बुरशी नीट धरलीच नव्हती. कुठे पांढरं, कुठे ओलसर, आणि मध्ये मध्ये पिवळे डाग, हळदीचं बोट लागावं तसे. रासीवेनने ते पाहिलं. मग तिने कोयता घेतला आणि डाग खरवडायला सुरुवात केली.

मागून वारती आली. "बियुंग, हे पिवळं आहे."

आईला आमच्याकडे बियुंग म्हणतात, सासूलाही.

"हळू बोल."

"पिवळं आहे हो! पाक हर्जोनो म्हणाले होते, पिवळं टाकून द्यायचं. माणसं मरतील बियुंग!"

रासीवेनने कोयता खाली टाकला आणि सुनेच्या तोंडावर हात दाबला. "मुरणाऱ्या मालावर मरणाचं नाव काढतेस? कैदाशिणी!"

शेजारची दार्केम टोपली न्यायला दारात आली होती. तिने 'माणसं मरतील' इथपासूनच ऐकलं आणि एवढंच पाहिलं. रासीवेनने दुसऱ्या हाताने पानं ओढून वड्या झाकल्या होत्या.

रासीवेनने सगळ्या वड्या धुतल्या, खरवडल्या, टोपलीत भरल्या. टाकून द्यायचं म्हणजे काय? पंचवीस माणसं चिखलात वाकलेली, त्यांच्या पानात काय वाढायचं? दार्केमला काय सांगायचं, माझा हात बिघडला? तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. आम्ही त्या जागी असतो तर वेगळं केलं असतं असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

तारसूनही लावणीला होता. वारती बांधावर धावत गेली आणि त्याला म्हणाली, तू खाऊ नकोस. सगळ्यांसमोर तो काय करणार?

"माझ्या आईच्या हातचं विष असतं, तर मी केव्हाच मेलो असतो," तो हसून म्हणाला, आणि त्याने दोन तुकडे जास्त घेतले.

दुपार कलली तशी पहिली बाई बांधावर बसली. चक्कर येते म्हणाली. मग कार्सोने ओकारी काढली. मग एकेक करून सगळेच. अंगाला दरदरून घाम, पोटात कळा, हातपाय गार. लोकांनी माडावरून शहाळी पाडली. विषावर शहाळं, हे आमचं पिढ्यान् पिढ्यांचं औषध. पाजलेलं पाणी तसंच बाहेर पडत होतं. कोणीतरी सायकल दामटत आरोग्य केंद्रात गेलं. पाक हर्जोनो आला तेव्हा त्याच्याकडे सलाइनच्या बाटल्या होत्या त्या पहिल्या काही जणांनाच पुरल्या. दार्केमची थोरली मुलगी आईच्या मांडीवर गेली. कार्सो तिच्यानंतर गेला. तारसूनने मरताना आईला ओळखलं नाही. वारतीला ओळखलं. तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला गेला, पण जबडा आवळला गेला होता.

अकरा मयती झाल्या. मयतीची दुआ पढणारा आमचा काइम शेवटी शेवटी नावं चुकायला लागला.

रासीवेन वाचली, कारण तिचा रोजा होता. आणि इथूनच सगळं फिरलं. लोकांनी म्हणायला सुरुवात केली, बघा, जी उपास धरते तिला अल्लाने राखलं. तिची काय चूक? चूक तिची, जी मुरणाऱ्या टोपलीवर उभी राहून "माणसं मरतील" म्हणाली. आणि मेली की नाही? बोलली तसंच झालं. दार्केमने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

दार्केमचं कपाळ पांढरं झालेलं, मुलगी मातीत गेलेली. तिला कोणावर तरी दात खायला हवेच होते. ती अंगणात उभी राहून वारतीला म्हणायची, "ये ना, आणखी बोल! अजून दोन पोरं आहेत माझी, त्यांचंही नाव घे!" वारती उत्तर द्यायची नाही. ती जी एवढी फटकळ, तिची जीभ नवऱ्याबरोबर पुरल्यासारखी झाली. विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका घागरी उचलून निघून जायच्या.

रासीवेनला मात्र गाव भात आणून देत होतं. बायका तिला यायू, म्हणजे थोरली बहीण, म्हणत कुशीत घेऊन रडायच्या. "यायू, तुझा हात सोन्याचा, सुनेच्या जिभेने घात केला." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा रासीवेनला खरोखर बरं वाटलं. तेही सांगितलं पाहिजे. बुडत्याला काडी मिळावी तसं तिने ते धरलं. आपण नाही मारलं. शब्दाने मारलं. ती एका जागी बसून मनाशी तेच घोकायची, आणि घोकता घोकता दर वेळी त्या हळदीच्या बोटापाशी येऊन अडायची.

सातव्या दिवसाचं जेवण लुराच्या, म्हणजे आमच्या पाटलाच्या अंगणात सगळ्या मयतांचं मिळून एकत्र घालायचं ठरलं. त्याच बैठकीत वारतीचा निकाल लागणार होता. तिने माहेरी जावं आणि तिनी आजीकडे राहावी, असं आधीच सगळ्यांच्या मनाने घेतलेलं. असल्या तोंडाच्या बाईकडे पोर कशी ठेवायची? फक्त रासीवेनने हो म्हणायचं बाकी होतं.

आदल्या संध्याकाळी पाक हर्जोनो तिच्याकडे आला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्याने पाटावर बसायलाही नकार दिला.

"नीनी," आजीबाईला म्हणतात तसं तो म्हणाला, "टोपलीच्या तळाशी राहिलेला तुकडा मी तपासायला पाठवलाय. काय निघणार ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे मला?"

"पिवळं होतं का?"

रासीवेनने तो रिकामा पाट उचलून भिंतीला टेकवला.

"मी कर्णा घेऊन आठ वर्षं हिंडतोय," तो म्हणाला. "माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मी परका, पगारी. उद्या तुम्ही गप्प बसलात, तर ती पोरगी लेकराला मुकेल. ते एक झालं. पण दुसरं असं, की लोक म्हणतील, चला, वाईट तोंडाची बाई गेली, आता भीती नाही. आणि पुढच्या टंचाईत पुन्हा खातील. निर्धास्त खातील."

"आणि बोलले तर?"

"तर तुम्हाला या गावात कोणी पाणी विचारणार नाही," तो म्हणाला. खोटा धीर द्यायला त्याला जमत नसे.

दुसऱ्या दिवशी अंगणात चटया पसरल्या. काइमने दुआ पढली. भाताच्या राशी मध्ये ठेवलेल्या, कोणी हात लावत नव्हतं. वारती कुंपणाजवळ तिनीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मुलीला अशी घट्ट धरली होती की मुलगी कुरकुरत होती.

लुरा म्हणाला, "रासीवेन, आडवळणाने विचारत नाही. टोपलीवर तुझी सून अभद्र बोलली का?"

"बोलली."

सगळीकडून सुस्कारे निघाले. दार्केम तोंडावर हात घेऊन रडायला लागली.

"पण आधी पिवळं पडलं होतं," रासीवेन म्हणाली. "मग ती बोलली."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पानं उघडली तेव्हाच ते पिवळं होतं. वारती तेव्हा चुलीपाशी होती, एक शब्द बोलली नव्हती. मी पाहिलं. माझ्या छातीत धस्स झालं. तरी मी कोयत्याने खरवडलं. ती नंतर आली, म्हणाली टाकून द्या. मी तिचं तोंड दाबलं." तिचा आवाज चढत गेला. "शब्दाने नाही मेली माणसं! मी वाढलं, ते खाऊन मेली. माझा तारसूनही."

म्हातारा साम्यार्जा, जो डोळे काढून कोंबडीला घालायला निघाला होता आणि ज्याचा धाकटा मुलगा लावणीत गेला होता, तो जमिनीकडे बघत बसला.

दार्केमने विचारलं, "तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आणि तू माझ्या पोरीला वाढलंस."

"हो."

"मग सांगितलंस कशाला?" दार्केम किंचाळली. "अगं, तिनेच मारलं असं वाटत होतं तेच बरं होतं! तुझ्या गळ्यात पडून रडले ना मी!"

एकेक जण उठून गेला. जेवणाचं पान कोणी घरी नेलं नाही. मयताचं अन्न टाकू नये म्हणतात, पण त्या दिवशी ते तिथेच राहिलं.

पोलीस आले, रासीवेनला घेऊन गेले, काही महिन्यांनी सोडलं. परत आली तेव्हा वारती घरातच होती. मुलगी तिची तिच्याकडे राहिली होती, त्यावर पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही. वारतीने सासूला भात वाढला. माफ केलं असं ती कधीच म्हणाली नाही, आणि सासूनेही विचारलं नाही. पाक हर्जोनोने रासीवेनला गावोगाव नेलं. ती कर्णा हातात घ्यायची नाही, नुसती उभी राहून सांगायची. मी रासीवेन. माझा मुलगा मी मारला. पिवळं दिसलं तर टाका, आणि पांढरं दिसलं तरी भरवसा धरू नका, विषाला रंग असतोच असं नाही, हे मला नंतर कळलं. परक्या गावात लोक ऐकून घ्यायचे. स्वतःच्या गावात तिला बघून दारं लागायची. गावाने शेवटी आपल्या सोयीचा अर्थ काढला होता, की रासीवेनचा हात बिघडला. आणि पुढच्या टंचाईत बाजाराच्या कोपऱ्यात दुसरी एक बाई टोपलीवर पाला झाकून बसली. तिचा हातगुण चांगला आहे म्हणे.

एक दिवस दार्केम कुंपणाशी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. हातात केळीच्या पानाची पुडी होती.

"बघ," ती म्हणाली. रासीवेनच्या तोंडाकडे न बघता तिने पुडी पुढे केली. "पिवळं आहे का यात? तुला ओळखता येतं."

रासीवेनने पान उलगडलं. वडी घट्ट होती, पांढरी होती, तिच्या चांगल्या दिवसांत ती करायची तशीच.

"पांढरं आहे. तरी टाक."

"पांढरं आहे तरी?"

"तरी."

"आणि पोरांना काय घालू? तुझं डोकं?" दार्केमने पुडी हिसकावून घेतली आणि गेली.

रासीवेन ओट्यावर बसून राहिली. तिला कोणत्या तोंडाने अडवणार होती? जरा वेळाने दार्केमच्या घरातून तेलात मिरची पडल्याचा वास आला. मग वडीचा.

ती उठली. त्या घरात पाऊल ठेवायची तिला बंदी होती. ती हाक न मारता शिरली. दोन्ही पोरं रिकाम्या थाळ्या घेऊन बसली होती. तिने चुलीवरची कढई पायाने उडवली. उकळतं तेल तिच्या पावलावर सांडलं, वड्या मातीत गेल्या. दार्केम तिच्यावर धावून आली, तिला बुक्के मारले, केस धरून ओढलं. पोरं भेदरून ओरडायला लागली. रासीवेनने एक हात उचलला नाही. मार खाता खाताच ती खाली बसली आणि कोंबड्यांनी टिपू नये म्हणून मातीतले तुकडे वेचून ओच्यात भरत राहिली.

त्या वड्यांत विष होतं की नव्हतं, ते कोणाला कळलं नाही. आता कळणारही नाही. तुकडे तिने परसात खोल पुरले. पाय महिनाभर चिघळत होता. दार्केमने त्या दिवशी रडून रडून गाव गोळा केलं, आणि तिची पोरं उपाशीच झोपली.

सकाळी दोन्ही उठली, आणि खायला मागू लागली.